गुडघ्याएवढं कुंपण

शंभूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पांढराफटक होता. म्हणजे मीच केला होता.

मे महिन्यातला रविवार होता. मी दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या बाल्कनीत चहा घेऊन बसले होते आणि खालून धूर यायला लागला. आधी वाटलं, कुणीतरी कचरा पेटवलाय. मग तो इतका दाट झाला की समोरचा डोंगर दिसेना, कठडा दिसेना. आमच्या ऑफिसात दरवर्षी आग विझवायचं शिकवतात आणि दरवर्षी तो लाल सिलिंडर हातात घ्यायचा मान मॅनेजरच पटकावतो. माझी ती हौस तशीच राहिली होती. आमच्या जिन्यात तसाच एक सिलिंडर टांगलेला होता. तो काढला, धडाधड खाली उतरले, पिन ओढली आणि धुराच्या मधोमध सोडून दिला.

आतून खोकल्याचा आवाज आला. मग एक माणूस बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत पिठात घोळलेला, डोळे तेवढे काळे.

"आग लागली होती," मी म्हणाले.

"लागली नव्हती," तो म्हणाला, "लावली होती."

त्याच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. गुडघ्याला पट्टा, तोंडाला पदर, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. त्या शारदाबाई, त्याची आई. "लई ब्येस केलंस पोरी," त्या म्हणाल्या. "ह्याला राब भाजता येतच न्हाई. वारा बघून पेटवायचा असतोय, ह्यो गॅस पेटवल्यागत काडी टाकतुया."

राब म्हणजे काय ते मला, परभणीहून आलेल्या मुलीला, कुठून ठाऊक असणार? त्यानेच अंगावरची पावडर झटकत झटकत सांगितलं. भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या असे थर घालायचे, वर माती भुरभुरायची आणि ते सगळं हळूहळू धुमसू द्यायचं. तण जळतं, जमीन भाजून निघते आणि रोप जोमानं येतं. मुळशीत सगळेच करतात. फक्त ते शेतात करतात. सोसायटीच्या गेटमधून आत आल्यावर डाव्या हाताला, तळमजल्याच्या फ्लॅटसमोरच्या अंगणात करणारं घर हे एकच.

त्याला कारण होतं. आमच्या सोसायटीचं नाव इंग्रजीत आहे, त्याचा अर्थ म्हणे हिरवं कुरण. समोर मात्र नुसता मुरूम, कारण बिल्डर चाव्या देऊन निघून गेला. पण त्याआधी ही जमीन शंभूच्या घरची होती. जमिनीच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावर फ्लॅट मिळाला, तिथे ते ह्याच वर्षी राहायला आले, आणि आता जिथे त्यांचं अंगण आहे, तिथेच पूर्वी त्यांचा राब असायचा. कोळवणला अजून त्यांचा भाताचा एक तुकडा उरला होता, त्याच्यासाठी रोप हवं होतं. राबाची जागा बदलत नाहीत, शारदाबाईंचं म्हणणं एवढंच. मध्ये तीन इमारती उभ्या राहिल्या, ही गोष्ट त्यांच्या लेखी किरकोळ होती.

शंभू स्वतः शेतकरी नव्हताच. लवळ्याला हॉस्टेलांसमोर त्याचं कॅन्टीन होतं आणि पहाटेपासून तो पोह्यांत आणि मिसळीत असायचा. आईचा गुडघा दुखायला लागला म्हणून हे काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. "मला भट्टी कळते हो मॅडम," तो म्हणाला. "राब नाही कळत." एवढं बोलून तो शिंकला, आणि त्याच्या पापण्यांवरची पावडर उडून माझ्या चहाच्या कपात पडली. हो, कप मी खाली घेऊन आले होते. आग विझवायला चहा घेऊन जाणारी मीच.

मी सॉरी म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "सोसायटीत आग लावायला परवानगी नाही." मला राग आला की असं होतं… आणि लाज वाटली की मला राग येतो.

त्या धुराचं प्रकरण तिथे थांबलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या उषाकाकूंच्या यजमानांना दमा, त्यांना दोन दिवस त्रास झाला. काकूंनी तक्रार केली आणि त्यांची चूक नव्हती. मग कमिटीची बैठक झाली. आमचे अध्यक्ष दादासाहेब, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सोलापूरचे गृहस्थ, म्हणाले की सोसायटी आता आपल्या ताब्यात आली आहे, तेव्हा समोरच्या अंगणांना काहीतरी शिस्त हवी. जागा सोसायटीची, वापर तळमजल्याचा, म्हणून वाट्टेल ते चालायचं नाही. नियम कोण करणार, असं त्यांनी विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पार्किंगचे पट्टे नीट आखून दिले होते ना, ते नडलं.

खरं सांगू? मला आनंद झाला. तीन वर्षं मी ह्या इमारतीत राहत होते आणि लिफ्टमध्ये कुणी माझं नाव घेऊन बोललं नव्हतं. आता माझ्यावर काहीतरी सोपवलं होतं. मी रात्रंदिवस इंटरनेटवर बसले. कुठल्या कुठल्या देशांत फ्लॅटवाल्या वसाहतींसमोरची बाग कशी असावी ह्याचे केवढे नियम असतात, ते वाचून मला भरून आलं. मी आमचे नियम केले. निम्म्याहून जास्त जागा हिरवी हवी, फरशी कमी. खिडकीसमोर उंच झाड नको, काटेरी तर नकोच. कुंपण मेंदीचं, गुडघ्याएवढं. मध्ये लॉन. भाजीपाला, पिकं, वाळत घातलेले कपडे, आग, काहीही नाही. जूनअखेरच्या सर्वसाधारण सभेत त्यावर मतदान व्हायचं ठरलं.

त्याआधी अंगणं मोजायला हवी होती. मी टेप घेऊन शंभूच्या दारात गेले. तो नुकताच कॅन्टीनवरून आला होता, अंगाला कांद्याचा वास, केस ओले. टेपचं दुसरं टोक त्याने न सांगता धरलं. माझा नियमांचा कागद त्याने तिथेच उभ्या उभ्या वाचला, आणि मग फार गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मॅडम, एक शंका. गुडघ्याएवढं म्हणजे कुणाच्या गुडघ्याएवढं? तुमच्या का माझ्या?"

तो सहा फुटी. मी… मी नाही.

"दीड फूट," मी म्हणाले.

"मग तुमच्या. तसं लिहा की सरळ. ऋतिका मॅडमच्या गुडघ्याएवढं. म्हणजे काही वाद झाला तर तुम्हालाच आणून उभं करता येईल."

मी टेप सोडून दिली. ती सर्रकन त्याच्याकडे गेली आणि त्याच्या बोटावर बसली. तो ओरडला नाही, नुसता हसला. मी तणतणत वर आले. जिना चढायला लागले तेव्हा मी त्याच्यावर चिडलेली होते, पहिल्या मजल्यावर पोचले तेव्हा एकटीच हसत होते. उषाकाकू कचरा ठेवायला दार उघडून उभ्या होत्या, त्यांनी ते पाहिलं.

जून लागताच भात पेरला. त्या अर्ध्यामुर्ध्या भाजलेल्या, पावडर पडलेल्या जमिनीतूनही रोप उगवलं. आधी पोपटी धुरळा दिसावा तसं, मग बोटभर, मग वीतभर. वारा आला की सगळं एका बाजूला कलायचं. मी बाल्कनीतून बघायचे. आधी नियमाच्या नजरेने बघायचे, म्हणजे अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

दर रविवारी मी खाली जाऊन उंची मोजू लागले. ते कशासाठी, हे मला कुणी विचारलं नाही हे नशीब. शंभू मात्र बरोब्बर तेव्हाच अंगणात असायचा.

"नियमात लॉन चालतं ना?" एकदा तो म्हणाला.

"चालतं."

"मग हे लॉनच आहे. भात म्हणजे शेवटी गवतच. ह्या गवताचं नाव आंबेमोहर."

"लॉन उपटून कुणी कोळवणला नेत नाही."

"तुम्ही म्हणत असाल तर नेणार नाही. इथंच ठेवतो. तुम्ही रोज मोजायला या."

असं तो बोलायचा आणि मग एकदम रोपाकडे वळून काहीतरी उपटायला लागायचा. बऱ्याचदा तण समजून भातच उपटायचा. खिडकीतून शारदाबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या.

मुळशीचा पाऊस म्हणजे काय ते परभणीच्या माणसाला सांगून खरं वाटायचं नाही. तो पडत नाही, तो राहायलाच येतो. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, मीठ पाझरतं. एका दुपारी असा बदाबदा कोसळत होता आणि मी कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. बाल्कनीतून पाहिलं तर इमारतीच्या पन्हाळीचं पाणी थेट रोपावर पडत होतं आणि शंभू हाताने चर काढत एकटाच भिजत होता. रोप अख्खं वाहून गेलं असतं. मी छत्री घेतली आणि मीटिंग कानात तशीच ठेवून खाली गेले. एका हाताने त्याच्यावर छत्री धरली, दुसऱ्या हाताने माती ओढायला लागले. तिकडून आमचे साहेब विचारत होते की हा कसला आवाज, कुणी नळ चालू ठेवलाय का. मी सांगितलं की पाऊस आहे, आणि तिमाहीचे आकडे वाचत राहिले.

शंभू चर काढायचं थांबवून माझ्याकडे बघत होता. मी आवाज बंद केला. "काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "छत्री सगळी माझ्यावरच धरलीये तुम्ही."

खरंच की. माझी एक बाजू कोपरापासून चपलेपर्यंत चिंब झाली होती आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्याने छत्रीची दांडी माझ्या हातासकट माझ्याकडे कलती केली. हात मात्र लगेच काढला नाही… आणि मीही काढला नाही. तिकडे साहेब म्हणाले, ऋतिका, आर यू देअर? मी कुठे होते ते माझं मला ठाऊक.

त्यानंतर माझ्या दाराला डबा अडकलेला दिसायला लागला. इकडची आमटी गोड लागते, असं मी एकदा सहज म्हणाले होते, तर डब्यात असा ठेचा यायचा की नाकाडोळ्यांतून पाणी यावं. मी डबा धुऊन, त्यात काहीतरी घालून परत करायचे. आम्ही एकमेकांना अरेतुरे कधी करायला लागलो ते आठवत नाही.

सभेला आठवडा राहिला तेव्हा त्याने ते सांगितलं. आम्ही जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो होतो. आई म्हणत होती, नियम झाला तर ती इथे राहणार नाही. जमीन विकली तेव्हा बिल्डर तोंडाने म्हणाला होता, मावशी, अंगण तुमचंच. त्या एका शब्दावर ती फ्लॅटमध्ये यायला तयार झाली होती. तेवढंही गेलं तर ती कोळवणला मामाकडे जाणार. "तिचा गुडघा असा. एकटी कशी धाडू?" तो म्हणाला. "मी पण जाईन. फ्लॅट भाड्याने देऊ."

"पण…" मी म्हणाले.

"पण काय?"

मी म्हणाले की कोळवणहून लवळं लांब पडेल. तो म्हणाला, हो, लांब पडेल.

नियम मागे घ्यावा तर दादासाहेबांनी माझं कौतुक करत सगळ्यांना तो पाठवला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा ह्या इमारतीत लोक मला कुणीतरी समजत होते. आणि उषाकाकूंच्या यजमानांचा दमा काही खोटा नव्हता. ह्या सगळ्यात काकूंनीच एक ठिणगी टाकली. जिन्यात माझ्या हातात डबा पाहून त्या म्हणाल्या, "अगं, गोड बोलून अंगण वाचवतोय तो. सभा होऊ दे, मग बघ येतोय का डबा."

मी हसून सोडून द्यायला हवं होतं. पण मी मी आहे. तशीच खाली गेले, डबा त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "हे सगळं अंगणासाठी चाललंय ना?"

"सगळं म्हणजे?"

"डबा. ठेचा. ते… छत्रीचं."

तो काहीतरी कडक बोलेल असं वाटलं. तो बोलला असता तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द बोलले असते. त्याने डबा घेतला, "बरं" म्हणाला आणि आत गेला.

डबा यायचा बंद झाला. मी स्वतःला सांगितलं की बघ, काकू म्हणत होत्या तेच खरं. त्याच वेळी मला पक्कं ठाऊक होतं की ते खरं नाही. रविवारी मी उंची मोजायला गेले तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. रोप माझ्या गुडघ्याला लागत होतं. मी तिथे टेप धरून उभी राहिले आणि मला चक्क रडू आलं.

सभा पार्किंगमध्ये होती. गाड्या काढून खुर्च्या मांडल्या होत्या, बाहेर धो धो चालू होता. मी पडद्यावर नियम दाखवले. लोक माना डोलवत होते. शारदाबाई पहिल्या रांगेत, पाय लांब करून, माझ्याकडे न बघता बसल्या होत्या. शंभू अगदी मागे, खांबाला टेकून उभा होता.

दादासाहेब नियमाने चालणारे गृहस्थ. ते म्हणाले, मत घेण्याआधी ज्यांच्या अंगणात सध्या पीक आहे त्यांचं म्हणणं ऐकू. सगळे मागे वळले.

शंभू पुढे आला नाही. तिथूनच म्हणाला, "आमची हरकत नाही. नियम चांगला आहे, मनापासून केलेला आहे. माझं मत बाजूने धरा." आणि त्याने हात वर केला.

तो बोलत होता सभेशी, पण बघत होता माझ्याकडे. रागाने नाही. बाई गं, घे, सोडलं अंगण, आता तरी विश्वास ठेव, असं सरळ सरळ त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कोळवणला जायची तयारी ठेवून त्याने हात वर केला होता. हातातला पॉइंटर बंद करायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही, पडद्यावरचा लाल ठिपका मेंदीच्या कुंपणावरच राहिला.

शारदाबाई खुर्चीतच मागे वळल्या. "आन् मला इचारलंस व्हय रं?" त्या म्हणाल्या. "आईचं अंगण दिऊन पोरगी मागतुया?"

पार्किंगमध्ये असा हशा उसळला की वॉचमन धावत आला. शंभूचे कान लालबुंद झाले. दादासाहेबांनी टेबलावर टकटक केलं आणि म्हणाले की विषय नियमाचा आहे, कृपया नियमावर बोला. शारदाबाई म्हणाल्या, मी नियमाचंच बोलतीया.

"बरं, विरोधात कोण?" दादासाहेबांनी विचारलं.

मी हात वर केला.

"अगं ऋतिका, ठराव तू मांडलास ना?"

"मांडला मीच. विरोधातही मीच."

दादासाहेबांच्या उभ्या नोकरीत असं झालं नसावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी बोलायला लागले आणि मग थांबता येईना. आग नको, हे बरोबर आहे, मी म्हणाले, कुणाच्याही घरात धूर जाता कामा नये. काटे नकोत, खिडकीसमोर झाड नको, तेही बरोबर. पण बाकीचं मी अशा गावांचं उचललं की जिथे तळमजल्यावर भात लावणारं कुणी राहत नाही. आपल्या अख्ख्या सोसायटीसमोर आज हिरवं काही असेल तर ते एकच अंगण आहे, आणि मी त्याच्यावरच बंदी आणत होते. रोप महिनाभर असतं, गुडघ्याच्या वर जात नाही, मी दर रविवारी मोजलंय. "आणि ही माणसं इथून गेलेली मला चालणार नाहीत," मी म्हणाले.

उषाकाकू दुसऱ्या रांगेतून म्हणाल्या, "ही माणसं, का हा माणूस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला खोटं बोलता आलं असतं.

"दोन्ही," मी म्हणाले.

ह्यावेळी कुणी हसलं नाही. उषाकाकूच आधी उठल्या. म्हणाल्या की धूर बंद होणार असेल तर त्यांचं भाताशी काही वैर नाही. मग हळूहळू बाकीचे हात वर झाले, बरेचसे उत्सुकतेपोटी. आग सोडून गुडघ्याएवढं काहीही लावायला मोकळीक, असा सुधारित ठराव दादासाहेबांनी तिथल्या तिथे सांगितला आणि मंजूर करून टाकला. शारदाबाईंना राब सोडावा लागणार होता. त्या बराच वेळ कुरकुरल्या. मग म्हणाल्या की पुढल्या साली शेणखत घालून बघू, न्हाई आलं रोप तर ह्या दादासायबास्नीच लावणीला न्यायचं.

लोक पांगले. मी पडदा गुंडाळत होते, उगाचच हळू. शंभू येऊन उभा राहिला. त्याने पडद्याचं दुसरं टोक धरलं.

"तू खरंच गेला असतास?" मी विचारलं.

"गेलो असतो."

"मला न सांगता?"

"हात वर केला की सगळ्यांदेखत. अजून कसं सांगतात?" तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज उतरला. "मला बोलता येत नाही ऋतिका. थट्टा येते. खरं बोलायची वेळ आली की माझं… 'बरं' होतं. तू आवडतेस मला. त्या सिलिंडरच्या दिवसापासून आवडतेस. अंगण असो नसो."

मी म्हणाले, "बरं."

तो हसला. मीही हसले. गुंडाळलेला पडदा आमच्या मध्ये होता म्हणून, नाहीतर त्या पार्किंगमध्ये काय झालं असतं ते सांगवत नाही.

"आन् आता माझं ऐका," मागून आवाज आला. शारदाबाई अजून पहिल्या रांगेतच होत्या. आम्ही दोघंही त्यांना विसरलो होतो. त्यांनी मला जवळ बोलावलं, हाताला धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि माझ्या गावाचं, घरच्यांचं विचारून घेतलं. परभणी म्हणजे कुटं, तिथे भात खातात का, आई करती काय. मग म्हणाल्या, "तुझ्या बापाला बोलाव. आठ दिसाच्या आत. रोप उपटायला झालंय, एकदा लावणी लागली की मला सोयरीक बोलायला सवड न्हाई."

"आई…" शंभू म्हणाला.

"तू गप. तुझा हात वर करून झालाय."

मी तिथेच, त्यांच्यासमोर फोन लावला. काय बोलायचं ते ठरलंही नव्हतं. तिकडे वाजत होता आणि इकडे शंभू खांबाला धरून उभा होता, मघापेक्षा जास्त घाबरलेला. बाबांनी उचलला. आमच्या परभणीची माणसं कशी आहेस असं कधी आधी विचारत नाहीत. अख्खा जून कोरडा गेला होता तिकडे. बाबा म्हणाले, "काय गं, पाऊस आहे का तिकडं?"

"खूप आहे बाबा," मी म्हणाले. "तुम्ही आणि आई बघायलाच या."